उभी लिफ्ट

त्या घरात कुणी पळत नसे. दार वाजलं तरी नाही, दूध उतू गेलं तरी नाही. वडील बावन्नाव्या वर्षी जिन्यात टेकले ते उठलेच नाहीत. थोरले चुलते तीन वर्षांनी, अर्धी दाढी झालेली असताना गेले. दोघांनाही रक्तदाब. तेव्हापासून आईने घरात एकच शब्द पेरला : सावकाश. आई गेली, शब्द राहिला.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करी. आजूबाजूचे त्याला लिफ्टकाका म्हणत. काका आता एक्कावन्नचे. लिफ्ट बंद पडली की वरच्या यंत्रापर्यंत जिनाच चढावा लागतो. काका दर मजल्यावर थांबत, कठडा हलवून बघत, जणू तोही तपासायला सांगितलाय. दर महिन्याला औषधांच्या दुकानात जाऊन अर्धा तास खुर्चीत बसत, श्वास पुरता निवला की मगच दंडाला पट्टा बांधून घेत. आकडा ठीक येई. "वाघ गुहेतच आहे," असं घरी येऊन सांगत.

मग धाकट्या लेकीने शाळेतून फॉर्म आणला. पंधराशे मीटरची शर्यत, पालकांची सही हवी. काकांनी तो हत्यारांच्या पेटीत, पान्यांखाली सारला. पाचव्या दिवशी तिला पक्कड हवी होती. पकडीबरोबर फॉर्मही हाती आला, तेलाच्या डागासकट.

"बाबा, हे काय?"

"करणार होतो गं सही."

"कधी? माझं लग्न झाल्यावर?"

कपडे वाळत घालणारी बायको हसली. "सापडला बाई चोर."

"आपल्याला नाही मानवत पळणं," काका म्हणाले. "आजोबांचं माहीत आहे ना तुला?"

"तुम्ही कधी पळून बघितलंय?"

"मी दर महिन्याला तपासतो."

"बसून तपासता! आणि लोकांना काय सांगता? उभी लिफ्ट काय सांगणार, डोंबल? माणसं भरा, वर न्या, मग बोला. तुमचंच वाक्य ना?"

तीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलेली गोष्ट काकांनी स्वतःच्या छातीला कधी लागू केली नव्हती.

"आपण दोघं तपासून घेऊ," धाकटीचा आवाज खाली आला. "डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या, तर मी स्वतः फॉर्म फाडीन."

दवाखान्यात काकांच्या छातीला तारा चिकटवल्या आणि त्यांना सरकत्या पट्ट्यावर उभं केलं. पट्टा सुरू झाला, मग वेग वाढला, मग चढ. काकांना थांबायला मजला सापडेना. काचेपलीकडे धाकटी ओठ दाबून उभी होती. वडील जिन्यात टेकले तेव्हा काकाही तिच्याच वयाचे होते, आणि असेच बघत होते.

"बसल्यावर दाब ठीक आहे," डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, "पण मेहनत केली की फार वर जातो. हृदय मात्र चांगलं आहे. वेळेवर आलात. गोळी सुरू करू, मीठ कमी, आणि रोज चालायचं."

"चालायचं? मी तर इतकी वर्षं जपतोय स्वतःला."

"जपत नव्हता. गंजत होता."

धाकटीचंही सगळं नीट आलं. अशा घरातल्या मुलांचा दाब मेहनतीत थोडा जास्त चढू शकतो, म्हणून दरवर्षी बघायचं. पळणं थांबवायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

घरी काकांनी फॉर्म उलगडला. सहीच्या वर एक रकाना होता : कुटुंबात कुणाला आजार? तिथे त्यांनी पेटीत सारण्याआधीच "नाही" लिहून ठेवलं होतं. ते खोडलं. वडील, लिहिलं. चुलते, लिहिलं. मग लिहिलं : मी. आणि सही केली.

शर्यतीच्या सकाळी धाकटी रेषेवर वाकली आणि तिने वळून पाहिलं. काकांच्या तोंडात आईचा शब्द आला होता. त्यांनी तो गिळला.

"जा," ते म्हणाले.

शिट्टी झाली. धाकटी सुटली. आणि मैदानाच्या कडेने, ती ज्या बाजूला गेली त्या बाजूला, काकाही चालू लागले. रोजच्यापेक्षा जरा भराभर.