देवराव मामांचा आवाज मी पेनड्राइव्हवर दिला

एकोडीच्या देवराव मामांशी मी खोटं बोललो. दोन वर्षांपूर्वी, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, त्यांच्याच गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, जिलेबीच्या दुकानामागे उभं राहून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, आमच्या कलावंत संघटनेत नाही, दारू पिऊनसुद्धा नाही.

तुम्ही मला पत्रकांवरून ओळखता. ‘कलावंताच्या पोटावर पाय देणाऱ्यांना जाब विचारा’ — ते वाक्य माझं. साकोलीच्या बसस्टँडवर, पवनीच्या पानठेल्यांवर ते चिकटलेलं तुम्ही वाचलं असेल. जाब विचारणं मला चांगलं येतं. द्यायची पाळी आली तेव्हा काय केलं, ते आता लिहितो. पत्रकात वाक्यं कशी सरळ सुटतात. इथे अडखळतायत.

देवराव मामा आमच्याकडच्या नाटकांत सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, वाजवायचे. ज्यांनी झाडीपट्टीचं नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो — रंगमंचाच्या पुढ्यात एक खड्डा असतो, त्यात वादक बसतात आणि सगळं संगीत तिथल्या तिथे वाजतं. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड आणि मामांचा सिंथ. जुना, अ‍ॅनालॉग, नागपूरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणलेला. त्यात आवाज साठवून ठेवायची सोयच नव्हती. दर वेळी बटणं फिरवून आवाज तिथेच घडवायचा. प्रवेश संपला की तो गेला. थंडीत त्याचा सूर घसरायचा, म्हणून प्रयोगाआधी मामा त्याला घोंगडीत गुंडाळून गरम करत बसायचे. खलनायक येण्याआधी खालून वर चढत जाणारा तो आवाज सुरू झाला की बाया पोरांना जवळ ओढायच्या. पात्र अजून विंगेतच असायचं.

मामा काही देवमाणूस नव्हते. बटणाला कुणी हात लावला की आईमाईवरून शिव्या. एका नटाला तर प्रयोगानंतर सगळ्यांसमोर म्हणाले होते, “तू मरून राह्यला का झोपून राह्यला, लोकायले समजत नाही. माहा आवाज आहे म्हणून रडतात ते!” पण त्या खड्ड्यातल्या जागेवर त्यांचा जीव होता. धानाची शेती पोटापुरती होती. माणूस म्हणून ते जगायचे ते मंडईपासून होळीपर्यंत, त्या खड्ड्यात.

मीही कीबोर्ड वाजवतो. माझ्याकडे नवं वर्कस्टेशन आहे — हजार आवाज आत भरलेले, बटण दाबलं की हजर. मी मामांना म्हटलं, तुमचे आवाज रेकॉर्ड करून ठेवू, संघटनेसाठी, जतन म्हणून. तेव्हा मला तसंच वाटत होतं का? वाटत होतं, असं मी स्वतःला खूप वेळा सांगितलंय. मामा म्हणाले, “तुलेच देतो, पत्रकवाल्या. बाकी सारे चोर आहेत.” आणि स्वतः एकेक बटण फिरवून दाखवलं.

मग मी ते आवाज वर्कस्टेशनवर बनवायला बसलो. दोन सॉ वेव्ह, म्हणजे करकरीत मूळ सूर, घेतल्या, एक दुसरीपेक्षा किंचित बेसूर. आवाज दबका-उजळ करणारा फिल्टर हळू उघडेल असा लावला. तरी आवाज मेलेलाच. यंत्राचा सूर हलत नाही, हीच त्याची खोट. मग तो अगदी थोडा, आपल्या मनाने डोलावा अशी सेटिंग घातली — मामांचा सिंथ थंडीत डोलायचा, तसा. एवढं करूनही काहीतरी कमी होतं. मामांच्या फिल्टरच्या बटणात कचरा गेला होता, फिरवताना ‘खर्र’ व्हायचं, आणि त्यावर ते वैतागायचे. ती खर्र मी रेकॉर्डिंगमधून कापली आणि आवाजाच्या सुरुवातीला चिकटवली. पट्टी दाबली — आणि मामा शेजारी येऊन बसल्यासारखे वाटले. अंगावर काटा आला. मला अभिमान वाटला. लाज नाही, अभिमान.

एवढं हुबेहूब जमलेलं कुणालाच ऐकवायचं नाही? मला ते सोसलं नाही. आसगावला एका नाटक कंपनीचा मंडप उभा राहत होता. मामा तेव्हा त्याच कंपनीत होते. मी दुपारी कीबोर्ड घेऊन गेलो आणि मालकाला ऐकवलं. मालक डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, “देवरावले घोंगडी लागते, अर्धा तास लागतो, वरून शिव्या ऐका लागतात. हे तर बटन दाबलं का झालं.” त्यांनी पेनड्राइव्ह पुढे केला. त्यांच्या दुसऱ्या वादकाकडेही माझ्यासारखाच कीबोर्ड होता. मी दिलं. नकळत दिलं, असं म्हणू? नाही. मालक ते कशाला मागताहेत हे मला कळत होतं. मालक मला ‘कलाकार’ म्हणाले होते, आणि मला तेवढं पुरलं.

पुढच्या हंगामात मालकांनी मामांना सांगितलं, या वर्षी आराम करा. मामा फुरंगटले, पण थांबले. आपल्याशिवाय कंपनीचं चालणार नाही, अशी त्यांची खात्री होती. त्यांच्या गावच्या मंडईला तीच कंपनी आली. दुपारी मंडपात आवाज तपासणं चाललं होतं. मामा बाजारात फिरत होते — त्यांनी ऐकलं. आधी ‘खर्र’, मग तो चढत जाणारा आवाज.

ते धावत मंडपात गेले. मालक म्हणाले, तुमच्याच पत्रकवाल्याने दिलंय, त्याले विचारा. मामा मला शोधत जिलेबीच्या दुकानामागे आले. घामाघूम. “माह्या बटनातला कचराबी चोरला साल्यानं! आन् मालक म्हणते तू देल्ला. खरं सांग.”

ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. रागाने नाही. मी ‘नाही’ म्हणावं म्हणून.

मी नाही म्हणालो.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी पुष्कळ झालं असतं. मी पुढे बोललो. मालकानेच चोरून रेकॉर्ड केलं असणार, म्हणालो. हे मालक लोक असेच, आपल्यात फूट पाडतात, तुम्ही फसू नका, सर्वांसमोर जाब विचारा — भाषण दिलं मी त्यांना! माझंच पाप, माझ्याच पत्रकाच्या भाषेत. मामांचा चेहरा सैलावला. “मले माहीतच होतं,” म्हणाले. माझ्या पाठीवर थाप मारली आणि परत गेले.

भर मंडपात, गावासमोर, नटनट्यांसमोर मामांनी मालकाला खोटारडा म्हटलं. चोर म्हटलं. मी मागे उभा होतो. मालकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही — ती तरी घालायला हवी होती ना? — मी हात उंच करून घोषणा दिली. मालक एवढंच म्हणाले, “ठीक आहे, देवराव.” 

त्यांनी मामांसाठी ऑर्गनची जागा ठेवली होती. जुने वादक थकले होते. पुढच्याच आठवड्यात मालक मामांशी बोलणार होते. हे मला नंतर त्यांच्याच माणसाकडून कळलं. मामा ऑर्गन उत्तम वाजवतात. पण भर गावात चोर म्हणवून घेतल्यावर कोण जागा देईल? आणि एका मालकाला असं बोलणारा माणूस दुसरा मालक तरी कशाला घेईल? खरं फक्त मालक बोलले होते. मामांचं तोंड होतं, शब्द माझे होते. जागा मामांची गेली.

मी त्यावर पत्रक काढलं. ‘ज्येष्ठ कलावंताचा आवाज चोरणाऱ्या मालकाचा निषेध.’ मामांनी ते स्वतः साकोलीच्या बसस्टँडवर वाटलं. लोकांना थांबवून वाचून दाखवायचे.

गेल्या आठवड्यात सांगायचंच ठरवून एकोडीला गेलो. मामा अंगणात धान पाखडत होते. उठून म्हणाले, “काहून रे, वाट चुकला का? ये, चहा पे.” सिंथ माळ्यावर आहे म्हणाले, उंदरांनी वायर कुरतडल्या. मग मालकाला कसं सुनावलं ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, हसत, हातवारे करत. त्यांच्याकडे आता सांगायला तेवढंच आहे. मी चहा प्यायलो. ‘हो ना मामा’ म्हणालो. निघून आलो. म्हणजे खोटं दोन वर्षांपूर्वीचंच आहे असं समजू नका. ते गेल्या आठवड्यातलंही आहे. आता त्यांना हे छापलेलं वाचावं लागेल, किंवा कुणाकडून ऐकावं लागेल. तोंडावर सांगण्याची हिंमत मला झाली नाही. याला दुसरं नाव नाही.

मला माफ करा, असं मी लिहिणार नाही. माझं काय करायचं ते संघटना बघेल, मामा बघतील.

पण तो आवाज त्या एका कंपनीत राहिलेला नाही. पेनड्राइव्हवरून पेनड्राइव्हवर गेला. आता निम्म्या कंपन्यांच्या कीबोर्डवर आहे. वाजवणाऱ्यांतले बरेच जण माझे मित्र आहेत, हे वाचणार आहेत. तुमच्याशी बोलतोय. खलनायकाच्या एन्ट्रीला जो आवाज लावता, ज्याच्या सुरुवातीला खर्र होतं — तो उद्याच्या प्रयोगात लावू नका. आधी एकोडीला जा. देवराव मामांसमोर बसून विचारा. ते नाही म्हणाले, तर त्यांच्यासमोरच पुसून टाका.