बॉयलरची तोटी

त्या बाईचा राग मला अजून येतो. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली, मी स्वतः आता काठी टेकत चालते, तरी येतो. नाती मला म्हणतात, आजी, सोड ना आता. सोडते हं, पण आधी सांगून घेते.

लग्न होऊन मी घाटकोपरला आले ते कापड रंगवायच्या एका कारखान्यामागच्या चाळीत. आमचे हे त्या कारखान्यात बॉयलरवर होते. सरकारी परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळवलेले, म्हणून शेठनं मुद्दाम आणलेले. बॉयलर म्हणजे काय हे मला कुठलं ठाऊक असायला! पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, ही तर आडवी निजवलेली केवढीतरी टाकी. तिच्या पोटातून आरपार एक जाड लोखंडी नळी, नळीत कोळसा धगधगतोय, नळीभोवती पाणी, आणि पाण्यावर कोंडलेली वाफ. ती वाफ पाइपांतून रंगाच्या हौदांकडे जायची. आणि या सगळ्या कोंडलेल्या जाळासमोर, अगदी तोंडाशी, माझा नवरा फावडं घेऊन उभा.

चाळीत एक रीत होती. सकाळी विस्तव वाढवायच्या आधी, वाफ उतरलेली असताना, बायका बादल्या घेऊन बॉयलरच्या खालच्या तोटीशी जायच्या आणि गरम पाणी भरून आणायच्या. आंघोळीला, धुण्याला, बाळंतिणीला. घरचा स्टोव्ह पेटवायला नको, रॉकेल नको. या बादल्यांची राणी होती मुकादमीण. तिचा नवरा सगळ्या कारखान्याचा मुकादम, त्यामुळे कुणाची बादली पुढे आणि कुणाची मागे हे तीच ठरवायची. तिचं कुणाशी बिनसलं की त्या घरची पोरं आठवडाभर गार पाण्यानं कुडकुडत आंघोळ करायची.

हे कामावर आले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी तोटीला कुलूप घातलं.

मी म्हटलं, "अहो, नवीन आहोत आपण. कशाला वैर?"

हे म्हणाले, "इथलं पाणी चाखलंयस ना? खाडी जवळ, विहीर मचूळ. या बायका जेवढं काढतात तेवढं मला विहिरीचं आत घालावं लागतं. पाण्याची वाफ होते, क्षार आतच राहतो. तुझ्या चहाच्या भांड्याला बसतो तसा नळीवर थर बसतो. मग खालचा जाळ पाण्याला पोचत नाही. नळी आपली लाल होते, मऊ पडते. आणि मऊ पडलेल्या नळीवर वाफेचा दाब. पुढचं सांगू?"

पुढचं मला सांगायला नको होतं. त्या नळीच्या तोंडाशी कोण उभं असतं ते मला माहीत होतं.

पण चाळीला कोण सांगणार! दुसऱ्या सकाळी मुकादमीण रिकामी बादली घेऊन आमच्या दारात.

"काय गो," ती म्हणाली, "तुझ्या घोवाक सांग, तोटी काय तेच्या बापाशीची नाय."

"काकी, तोटीची नाही, बॉयलरची काळजी आहे त्यांना."

"बॉयलराची काळजी! आमची पोरां मोठी झाली ह्या पाण्यावर. बॉयलर फुटलो? नाय ना? मगे?"

त्या दिवसापासून माझी वाटच लागली. सार्वजनिक नळावर माझी कळशी लागली की ती बाजूला सरकवायची. मी जिन्यावरून उतरले की बोलणं बंद, खाली पोचले की हसणं सुरू. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं सगळ्या माळ्यावर गेलं, फक्त आमची कडी वाजली नाही. मी पण काही गोगलगाय नव्हते. मी दार उघडं टाकून मुद्दाम तिळाच्या वड्या थापत बसले, वास सगळीकडे जाईल अशी.

उन्हाळ्याच्या तोंडावर बॉयलर तपासणीला आला. तो थंड करून, पाणी काढून, झाकणं उघडून ठेवायचा असतो. सरकारी इन्स्पेक्टर साहेब आले, कोट काढून खिळ्याला टांगला आणि दिवा नि हातोडी घेऊन सरपटत नळीत शिरले. मी यांचा डबा घेऊन गेले होते, म्हणून सगळं ऐकलं. आतून ठोकल्याचा आवाज यायचा. टण, टण, टण. मग एका जागी ठप्प. पुन्हा ठप्प. साहेब बाहेर आले ते कोळशानं काळे होऊन. म्हणाले, "नळीचं छत बसलंय. पत्रा मऊ होऊन खाली आलाय. किती वर्षं हे खारं पाणी घालताय?"

मुकादमानं वाकून नळीत बघितलं.

साहेबांनी बंद नाही केला बॉयलर. मोजमापं घेतली, पाणी भरून पंपानं दाब देऊन बघितला, आणि निकाल दिला: तो भाग कापून नवा बसवेपर्यंत कमी दाबावर चालवा. बॉयलरवर एक दांडी असायची, तिला वजन लटकवलेलं. वाफ फार झाली की ती दांडी उचलून आपोआप बाहेर पडते. साहेबांनी ते वजन आत सरकवलं, म्हणजे आता वाफ लवकर बाहेर पडणार. त्यावर शिशाचं सील मारलं आणि गेले.

आणि मग खरी आग लागली. कमी दाबावर हौद तापेनात, लग्नसराईचं काम तुंबलं, शेठ मुकादमावर भडकला, मुकादमानं बदलीवाल्यांना, म्हणजे रोजावरच्या माणसांना, घरी पाठवलं. घरी बसलेल्या प्रत्येक माणसाच्या बायकोला वाटलं, हे त्या बॉयलरवाल्यानंच साहेबाच्या कानात भरवलं. माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यावर कुणी तरी निळा रंग ओतला. मुकादमीण गॅलरीत उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आधी आमचा पाणी खाल्ल्यान, आता भाकरी खाता."

एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर हे भट्टीसमोर हात बांधून उभे. मुकादम समोर ओरडतोय. वर बघितलं तर दांडीच्या टोकाला आणखी एक वजन लटकवलेलं, रंगाच्या गोदामातलं, पाच शेराचं. म्हणजे वाफ कितीही झाली तरी दांडी उचलायची नाही.

"टाक कोळसा," मुकादम म्हणाला.

"ते आधी काढा."

"मी सांगतोय ना, टाक! नाहीतर कारखान्याच्या खोलीची चावी दे आणि चालायला लाग. दुसरा आणतो. कोळसा टाकायला काय अक्कल लागते?"

दाराशी बायका जमल्या होत्या. मुकादमीण सगळ्यांत पुढे, बादली काखेला. कारण मुकादमानं त्याच दिवशी तोटीचं कुलूपही तोडलं होतं. माझ्या डोक्यात काय भरलं कोण जाणे. मी डबा खाली ठेवला आणि तिलाच म्हटलं,

"काकी, बॉयलर ठणठणीत आहे ना?"

"असा!"

"मग या. इथे बसा, तोंडाशी, हे उभे राहतात तिथे. वाफेच्या दाबाचा काटा वर चढेपर्यंत बसा. तुम्ही बसलात तर हे कोळसा टाकतील."

यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जन्मात विसरणार नाही.

मला वाटलं होतं, ती शिव्या देईल आणि जाईल. पण ती कसली जाते! तिनं बादली उपडी घातली, भट्टीच्या दारासमोर, आणि तिच्यावर ठाण मांडून बसली. पदर कमरेला खोचला. "टाक रे," यांना म्हणाली, "किती टाकतंस ता बघतंय. मी काय भिणारी नाय."

आता बघा हं. यांनी फावडं नुसतं हातात धरलं आणि मुकादमाकडे बघितलं.

"उठ," तो बायकोला म्हणाला.

"कित्याक? तुम्हीच म्हणालात बॉयलर बरो असा."

"उठ म्हणतो ना!"

"नाय उठणार. ही कालची पोर माका शिकवता?"

तो तिचा दंड धरायला गेला, तिनं हात झटकला. बायकांसमोर, कामगारांसमोर. बाकी कुणाला नसेल, पण त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं की त्या दांडीला काय लटकतंय आणि नळीचं छत किती खाली आलंय. तो शिडीवर चढला. पाच शेराचं वजन काढून खाली फेकलं, ते फरशीवर आपटून भिंतीपर्यंत घरंगळत गेलं. मग खाली उतरून, कुणाकडेही न बघता, बाहेर निघून गेला.

यांनी वर जाऊन साहेबांचं सील शाबूत आहे का बघितलं. मग कोळसा टाकला, कमी दाबाला पुरेल तेवढाच. तोटीला दोरी बांधली, नवं कुलूप येईपर्यंत.

खोली गेली नाही. पुढे नळीचा तो भाग कापून नवा बसवला, बदलीवाले परत आले. हे त्याच भट्टीसमोर म्हातारे झाले आणि घरी, अंथरुणावर, मी उशाशी असताना गेले. मुकादमीण त्या दिवशी नुसतं "बरं" म्हणून उठली असती, तर वजन वरच राहिलं असतं. हे मला कळतं. म्हणूनच जास्त राग येतो. ती यांच्यासाठी बसली नव्हती, माझं नाक खाली करायला बसली होती, आणि तिच्या हट्टावर माझा संसार उभा राहिला. आभार तरी कुणाचे मानायचे? तसल्या बाईचे?

मानायला गेले होते मी एकदा. ती भट्टीसमोर बसली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, वाटीत गूळखोबरं घेऊन. तिनं दार उघडलं, वाटीकडे बघितलं आणि म्हणाली, "तोटीचा पाणी देतंस?"

"नाही काकी."

दार बंद. त्यानंतर एकाच माळ्यावर राहून ती माझ्याशी कधी बोलली नाही. रोज सकाळी मात्र माझ्या रांगोळीवर बादलीभर पाणी पडलेलं असायचं. गार.