एकोणीस कुत्र्यांची मालकीण

जनावरांच्या दवाखान्यातल्या तपासणी खोलीत बाईंनी बावीस वर्षं शेण, लेंड्या आणि विष्ठाच बघितली. लोक त्यांना तोंडावर बाई म्हणत, पाठीमागे जंतबाई. त्यांना दोन्ही चालायचं. कामातली चालढकल मात्र खपायची नाही.

नगरपालिकेच्या बागेत मुलांच्या वाळूच्या खड्ड्यात भटकी कुत्री हगतात, हे सगळ्यांना दिसत होतं. तपासायचं कुणाच्या मनात येईना. शेवटी बाईंनीच एकोणीस कुत्र्यांचे नमुने गोळा केले. तर दवाखान्याच्या अर्जावर मालकाची सही हवी, त्याशिवाय नोंद नाही! भटक्या कुत्र्याला मालक कुठून आणायचा? त्यांनी एकोणीसही अर्जांवर आपलीच सही ठोकली. चौदा कुत्र्यांत जंतांची अंडी निघाली, वाळूतही तीच. पोराने मळका हात तोंडात घातला की अंडी पोटात जातात आणि त्यातली अळी पार डोळ्यापर्यंत पोचू शकते. कुत्र्यांना औषध द्या, खड्डा बंद करा, असा अहवाल त्यांनी बागेच्या साहेबांना धाडला.

उत्तरादाखल आली नोटीस, तीही बाईंनाच. आपली एकोणीस कुत्री सार्वजनिक जागा घाण करतात, बंदोबस्त करावा. चोर सोडून संन्याशाला फाशी! बाईंनी कपाळाला हात लावला आणि चरफडत पावात गोळ्या घालून कुत्र्यांना चारल्या. पण वाळूतली अंडी वर्षानुवर्षं टिकतात, आणि खड्डा बंद करणं साहेबांच्या हातात. बाईंनी चार खेटे घातले. दर वेळी फाइल वर गेल्याचं उत्तर मिळायचं.

मग त्याच खड्ड्यात खेळणाऱ्या, बागेतल्या माळ्याच्या सहा वर्षांच्या नातीचा डावा डोळा गेला. आत अळीच होती, डॉक्टरांनी सांगितलं. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. नोकरीच्या धाकाने माळी तोंड उघडेना. त्याची समजूत घालता घालता आणखी दिवस गेले. अखेर नातीला साहेबांसमोर न्यायला तो हो म्हणाला तशी बाई पोरीला घेऊन थेट साहेबांच्या खोलीत शिरल्या.

तक्रार पालकांनी करावी लागते, साहेब म्हणाले. मग टेबलाला वळसा घालून त्यांनी पोरीच्या डाव्या बाजूने चॉकलेट पुढे केलं. ती समोरच बघत राहिली.

"घे ना बाळ."

"तिला त्या बाजूचं दिसत नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "असं होईल हे मी लिहून दिलं होतं."

साहेबांनी कागद ओढला. खड्डा बंद करण्याचा हुकूम दोन ओळींचा होता, लिहायला चार मिनिटं लागली. बाईंचा अहवाल त्यांच्याकडे सात महिने पडून होता. पोरीचा डोळा पाचव्या महिन्यात गेला.