क्लिपा लावलेला बार

तळघरातली ती व्यायामशाळा दोघा भावांची, आणि भावांचं सख्य विळ्याभोपळ्याचं. थोरला दिवसभर कारखान्यात लेथवर उभा राहायचा. बारचा दांडा त्याने स्वतः कातलेला, डंबेल्स रोज पुसायचा. वडील गेले आणि धाकट्याने अर्ध्या खोलीत मशिनं आणून बसवली. मऊ गाद्या, केबली, पिन खुपसली की वजन बदललं. "सर्कस!" थोरला म्हणाला, आणि त्या दिवसापासून अबोला. बोलायचंच झालं तर व्यायामाला आलेल्यांमार्फत.

"त्याला सांगा, गादीवर बसून ताकद येत नाही, झोप येते."

"त्याला सांगा, सुट्ट्या लोखंडाने खांदे जातात."

खांदा गेलाच होता, हीच तर पंचाईत! थोरल्याचा उजवा खांदा दगा द्यायला लागला होता. बार वर नेताना एका अंगाला कलायचा, टोकाच्या वजनाच्या चकत्या खडखडायच्या. धाकट्याचे कान तिखट. एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "हल्ली कुणाचा तरी बार खुळखुळ्यासारखा वाजतो बुवा!" सगळे खो-खो हसले. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खांद्याचं कळलं असतं, तर धाकट्याने उरलेली अर्धी खोलीही मशिनांनी भरली असती.

म्हणून थोरल्याने चकत्या क्लिपांनी आवळल्या. एकट्याने उचलताना क्लिपा लावायच्या नाहीत, अडकलात तर बार तिरका करून चकत्या खाली सांडता येतात, हे येणाऱ्या प्रत्येकाला त्यानेच ओरडून ओरडून शिकवलेलं. पण तो मेला खडखडाट बंद व्हायला हवा होता ना!

त्या दुपारी खोलीत दोघंच होते. थोरला बाकड्यावर आडवा झाला. बार छातीपर्यंत आला आणि तिथेच बसला. खांदा हलेना. बार तिरका केला, चकत्या जागच्या जागी. पलीकडे धाकट्याची केबल कुरकुरत होती. हाक मारायची? त्याला? थोरल्याने दात-ओठ खाल्ले. श्वास अर्ध्यावर आला, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"ए..." शेवटी तोंडातून निघालंच.

धाकटा धावत आला, बार उचलून बाकड्याच्या खाचेत ठेवला. मग त्याचं लक्ष क्लिपांकडे गेलं. त्या काढून त्याने खिशात टाकल्या.

"अक्कल गहाण ठेवलीस काय रे दादा? खांदा कधीपासून असा आहे?"

"का? मशिनांना जागा कमी पडतेय?"

"राहू दे तुझं लोखंड. तुला मशिनवर बसवलं तर माझंच डोकं खाशील. पण यापुढे तू आडवा झालास की मी डोक्याशी उभा राहणार."

"त्यापेक्षा बारखाली मेलो असतो तर बरं झालं असतं," थोरला म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भरल्या खोलीत तो बाकड्यावर आडवा झाला. धाकटा डोक्याशी येऊन उभा राहिला, दोन्ही हात बारखाली धरून. बार कलला, चकत्या खडखडल्या. कुणी हसलं नाही. वर धाकट्याचं उलटं तोंड दिसत होतं. ते दिसू नये म्हणून थोरल्याने डोळे गच्च मिटून घेतले आणि बार पुन्हा खाली आणला.