कदमच्या आजोबांची बोट

जहाज दुरुस्तीच्या यार्डात भंगार साचतं तसेच किस्सेही साचतात, आणि दोन्ही उचलायला कोणाला वेळ नसतो. सध्या आमच्या चहाच्या टेबलावर एकच विषय आहे: कदमची बोट!

कदम आमचा ड्राफ्ट्समन, गुहागरचा. त्याचे आजोबा एका मोठ्या प्रवासी बोटीच्या पँट्रीत कामाला होते. महायुद्धात नौदलाने बोट घेतली, तोफा बसवल्या; आजोबा बोटीवरच राहिले. पण गावात लोक म्हणायचे, "कसली लढाई! बशा विसळत होता!" कदमचे वडील आता ब्याऐंशीचे आहेत. आपला बाप लढाईत होता की नव्हता, एवढंच त्यांना कळायला हवंय.

*

कदमने बोटीचे फोटो आणले. आमचे एस्टिमेटर देशपांडे लगेच कागद घेऊन बसले. "झुंबरं काढणे, पियानो उतरवणे, तोफांखाली डेक मजबूत करणे... सहा आठवडे, डबल शिफ्ट!"

फोरमन युसुफ इथलाच, बहरैनी. त्याने फोटो पाहिला. "ग्रे पेंट मारो. यल्ला, खलास!"

*

शुक्रवारी सुट्टीला जनाबिया भागात कदमच्या घरी पोहे होते. त्याच्या लेकीने विचारलं, "डॅडी, वॉज देअर अ पूल?"

"होता. लढाईत त्यात बटाटे भरले."

"ओ नो! पुअर थिंग्ज!"

प्रवासी की बटाटे, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

*

कदमने परदेशातल्या एका संग्रहालयाला मेल टाकून बोटीची ड्रॉइंग्ज मागितली. आठ महिने उत्तर नाही. युसुफ रोज विचारायचा, "आया?" कदम म्हणायचा, "इंशाल्ला."

शेवटी युसुफच वैतागला. "ये हमारा वर्ड है, तुम मत बोलो!"

*

गेल्या आठवड्यात ड्रॉइंग्ज आली, सोबत खलाशांची यादी. आजोबांच्या नावापुढे लिहिलं होतं, पँट्री. कदमचा चेहरा पडला. "म्हणजे बशाच."

देशपांडे म्हणाले, "ड्रॉइंगची रिव्हिजन कुठली, बघितलीस का?"

ड्राफ्ट्समन असून हा पठ्ठ्या जुनं, प्रवासी बोटीचं ड्रॉइंग बघत होता! युद्धातल्या ड्रॉइंगवर त्याच खोलीत तोफगोळ्यांचं कोठार होतं. बशा वर पाठवायच्या छोट्या लिफ्टमधून आता गोळे वर जात होते. यादीत खोलीचं नाव तेवढं जुनं राहिलं. आमच्या पेंट स्टोअरलाही सगळे अजून कॅन्टीनच म्हणतात.

कदमने तिथूनच वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं.

वडील म्हणाले, "घरात कोणी ताट आपटलं ना, की बाबा ओरडायचे, 'हळू ठेव, हळू!' आम्ही हसायचो रे."