पोरी, मागे बघ!

तापलेल्या मोबाइलचा वास आला की गेमिंग लीगचा पहिला सीझन आठवतो. लोअर परळला, आजोबांनी जिच्या फाटकावर संपाची पत्रकं वाटली त्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये धाकटी बहीण खेळत होती. जिंकली तर फायनल. मोठ्या पडद्यावर तिच्या मागे शत्रू दिसताच नायगावच्या आमच्या चाळीतले काका कबड्डीच्या सवयीने ओरडले, "पोरी, मागे बघ!" हेडफोन असूनही तिला ऐकू गेलं, ती वळली, वाचली. पंच धावत आला, "पुन्हा कोणी सांगितलं तर खेळाडू बाद!" काका चिडले, "आपल्याच पोरीला सांगायचं नाय?" पुढच्या डावात पुन्हा एक शत्रू तिच्या पाठीमागे आला. घोषणा देत वाढलेली मी आणि अख्खी चाळ, तोंडावर हात दाबून चुळबुळत राहिलो. ती हरली. नियम रास्तच होता, आजही मान्य आहे. तरी ती न मारलेली हाक अजून घशात जळते.