कुसुमच्या दीड महिन्याच्या पोळ्या

माझ्या धाकट्या बहिणीला, कुसुमला, मी तिच्या भल्यासाठीच आजारी पाडलं.

गोष्ट ऐंशीनंतरची. अड्याळला, आमच्या धानाच्या गावी, आम्ही दोन्ही वेळा भात खाणारे. घरात पोळ्या झाल्या की शेजारी विचारत, "कोन पाव्हना आला जी?" त्यामुळे होशंगाबादकडच्या स्थळाकडे रोज पोळ्या असतात हे कळताच मी जागेवरच होकार देऊन टाकला. केवढं वैभव! वर्षभरात कुसुम हाडांचा सापळा होऊन माहेरी आली आणि काही महिने भात खाऊन पुन्हा टुमटुमीत झाली. तिच्या सासूबाईंचं निदान तयारच होतं : "माहेरी बरी, सासरी आजारी. नखरे!" आजार तपासणीत ठरला, तरच सासरी तिला भात मिळणार होता.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "गव्हाचा त्रास दिसतो. आतड्याचा तुकडा काढून तपासू. पण आता गहू बंद आहे, आतडं सुधारलं असणार. काहीच दिसणार नाही. आधी दीड महिना रोज पोळ्या खा."

"म्हणजे बऱ्या पोरीले पुन्हा आजारी पाडाचं?" मी ओरडलो.

"खाईन मी," कुसुम म्हणाली.

तिने खाल्ल्या! पोट फुगायचं, कळा यायच्या. पण पोळी चुकली नाही. आम्हीच हरलो. मायनं कणकेत गुपचूप तांदळाचं पीठ मिसळलं.

"माय, पोळी तुटून काहून राहिली?"

"जुना गहू आहे वो."

"जुना गहू का नवा तांदूळ?"

मग मी तिच्या ताटातल्या पोळ्या पळवून खाऊ लागलो. (त्याग!) तिने मनगटच धरलं. "भाऊ! माह्या तपासणीची वाट लावतं का? सासू म्हणन, पाह्य, नखरेच होते!" त्या दिवसापासून ती अंगणात, अख्ख्या आळीसमोर जेवू लागली. माझं मात्र तेवढ्याच पोळ्यांनी पोट बिघडलं. ती सकाळी टमरेल घेऊन शेताकडे निघे, तेव्हा मी दुसऱ्या फेरीवर असे!

नागपूरला तिने आतड्याचा तुकडा काढायची लांबलचक नळी मुकाट्याने गिळली. पाहणारा मी धाडकन खाली! तिथल्या दोघी नर्स माझ्याकडे धावल्या. तोंडात नळी असलेली कुसुम हाताने खुणावत होती : आधी त्याला पाणी पाजा.

निकालाच्या दिवशी सासूबाईही आल्या. आजार पक्का ठरला. त्या कुसुमजवळ सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "पोरी, तांदूळ कोणता आणायचा तेवढं सांग." कुसुम तेव्हा पहिल्यांदा रडली.

मीही डोळे पुसत होतो, तोच डॉक्टर वळले. "हा आजार भावंडांतही असतो. तुमचंही पोट बिघडलं होतं ना? तपासून घेऊ. भातच खाता ना? मग आधी दीड महिना—"

"पोळ्या मी लाटून देईन, भाऊ!" कुसुम आनंदाने म्हणाली.

"माझी बस सुटेल," म्हणून मी उठलो.

(बस संध्याकाळची होती. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.)